युथ नॅशनल बास्केटबॉलमध्ये आपण जिला हरवलं तीच टीम टेबलमध्ये आपल्या वर कशी?

तुम्ही म्हणताय की भाच्याच्या टीमने गटात जिला हरवलं तीच टीम वर दिसतेय, पॉइंट दोघांचे सारखेच, मग निकालात घोळ आहे का. बहुतेक नाहीये. मी स्पर्धांमध्ये टेबलवर बसून स्कोअरशीट लिहितो, हा प्रश्न पालक हमखास विचारतात.

जिंकलं की 2 पॉइंट, हरलं तरी 1, मैदानात उतरलेच नाहीत तर 0. ड्रॉ नसतो, बरोबरी झाली की 5-5 मिनिटं एक्स्ट्रा, निकाल लागेपर्यंत. दोनच टीम सारख्या असतील तर आपसातली मॅच जिंकलेली वर, विषय संपला. पण तिसरीही टीम तेवढ्याच पॉइंटवर असेल, म्हणजे तीन अडकल्या, की खरी गंमत, आणि तुमच्याकडे बहुतेक तेच झालंय.

समजा महाराष्ट्राने पंजाबला 8 ने हरवलं, पंजाबने केरळला 5 ने, आणि केरळने महाराष्ट्राला 12 ने. आता फक्त या तिघांच्या आपसातल्या मॅच धरायच्या, चौथ्या कच्च्या टीमला तुम्ही 60 ने धुतलं असलं तरी ते इथे येत नाही. आपसात प्रत्येकाचा एक विजय, एक हार, म्हणून फरक काढा, जितक्याने जिंकलं ते अधिक, जितक्याने हरलं ते वजा: केरळ +7, पंजाब -3, महाराष्ट्र -4. झालं, पंजाबला हरवूनही महाराष्ट्र तिसरा.

आणि आता बघा, केरळविरुद्ध शेवटच्या 20 सेकंदात महाराष्ट्राची एक बास्केट (2 पॉइंट) पडली असती तर हार 10 ने, महाराष्ट्र -2, थेट दुसरा नंबर, क्वार्टर फायनलला समोरची टीमच वेगळी. म्हणून 12 ने मागे असताना कोच टाइमआउट घेतो तेव्हा चिडू नका, तो बरोबर करतोय. पण 16 वर्षांखालच्या पोरांना हे आधी कुणी समजावून सांगतच नाही, मॅच गेली म्हणून खांदे पाडतात, डिफेन्सला परत धावत नाहीत आणि तिथेच असे दोन-चार पॉइंट जातात, मला हे बघून फार वाईट वाटतं.

उदाहरणात पंजाब मुद्दाम घेतलं. लुधियाना अकॅडमीतूनच सतनाम सिंग पुढे गेला, 2015 ला अमेरिकेतल्या NBA लीगच्या डॅलस मॅव्हरिक्स टीमने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतलं. अशा राज्याला हरवलं असेल तर तिसऱ्या नंबरातही पोरांनी भारी खेळ केलाय. गटातले सगळे स्कोअर कमेंटमध्ये टाका, हिशोब करून सांगतो.