‘मागच्यासारखाच बार’ : दावा याच दोन शब्दांवर उभा आहे

दोन फिरते दांडे म्हणजे शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमध्ये बसवलेल्या तीन चाव्या (शाफ्ट आणि कपलिंग एकत्र फिरवणारे पोलादी तुकडे) तुटल्या, पुरवठादाराने हलक्या पोलादाचा बार दिल्याचा संशय आहे, ग्राहकाने बिल अडवून नव्या शाफ्टचा खर्चही मागितला आहे, तेव्हा ही सगळी रक्कम पुरवठादाराकडून वसूल होईल का, असे आपण विचारले आहे. सुट्या भागांच्या खरेदीतून उद्भवलेली अशी पत्रे मला वारंवार येतात आणि त्यांतल्या बहुतेकांत हीच चूक असते : ऑर्डरमध्ये माप असते, पोलादाची जात नसते. आपणही व्हॉट्सॲपवर एवढेच लिहिले आहे, ‘14×9 चावीचा बार, तीन मीटर, मागच्यासारखाच.’ ज्या तुकड्यावर शाफ्टचा सगळा पीळ येणार, तो मागवताना आणखी एक शब्द लिहिण्याचे कष्ट आपण घ्यायला हवे होते.

मापाबद्दल वाद नाही. 44 मिलिमीटरच्या वर आणि 50 मिलिमीटरपर्यंतच्या शाफ्टला 14×9 (14 मिलिमीटर रुंद, 9 मिलिमीटर उंच) हीच प्रमाणित चावी लागते आणि आपले शाफ्ट 50 चे आहेत. वाद पोलादाचा आहे. एम.एस.चा (साध्या, सौम्य पोलादाचा) आणि ईएन-8 चा (त्याहून मजबूत पोलादाचा) ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत केलेला बार, शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण ईएन-8 मध्ये कार्बन साधारण 0.35 ते 0.45 टक्के असतो, एम.एस.मध्ये 0.25 च्या आत, आणि ताकदीतला फरक मुख्यतः त्यातूनच येतो. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. आपल्या ऑर्डरमध्ये जातीचे वर्णन नाही, मात्र ‘मागच्यासारखाच’ हा शब्द आहे. मागच्या खरेदीच्या बिलावर, चलनावर किंवा टेस्ट सर्टिफिकेटवर ‘ईएन-8’ असे लिहिलेले असेल, तर ते वर्णन या ऑर्डरमध्येही आले असा भक्कम युक्तिवाद करता येतो. त्या कागदावरही नुसते ‘ब्राइट बार’ असेल, तर आपल्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून नोटीस पाठवण्याची घाई करू नका. आधी तो कागद शोधा.

कलम 16 चा, म्हणजे माल ठरल्या कामासाठी योग्य असला पाहिजे या अटीचा, आधार आपण पत्रात घेतला आहे, पण तो मला कच्चा वाटतो. माल कशासाठी हवा हे विक्रेत्याला कळलेले असावे लागते आणि निवड आपण त्याच्या जाणकारीवर सोपवली होती, हेही दिसावे लागते. आपण बार कोणत्या यंत्रासाठी हवा हे कळवले नाही आणि निवड स्वतःच केली. बिलाच्या तळाशी छापलेल्या ‘नंतर तक्रार चालणार नाही’ या ओळीला मात्र फार घाबरू नका. ती आपण सौदा ठरतानाच मान्य केली होती का, यावर तिचे वजन ठरेल, आणि कार्बनचे प्रमाण माल उतरवून घेताना बघून समजत नाही.

बार कापून चाव्या बसवल्यामुळे कलम 42 प्रमाणे आपण माल स्वीकारला आहे. तो परत करण्याचा हक्क त्यामुळे संपला आणि कलम 13 व 59 प्रमाणे फक्त नुकसानभरपाई मागता येते. तिची मुदत तीन वर्षांची आहे आणि ती चावी तुटल्या दिवसापासून नव्हे, माल हाती आल्या दिवसापासून मोजली जाईल असेच धरून चाला. त्यातले चौदा महिने आपण फोनवरच्या तोंडी तक्रारींत घालवले आहेत.

आता आपण पाठवलेल्या छायाचित्रांविषयी. दोन चाव्या शाफ्ट आणि हब (शाफ्टवर बसणारा कपलिंगचा भाग) जिथे भेटतात त्याच रेषेवर सरळ कातरल्या गेल्या आहेत. हा पुरावा आपल्या बाजूचा आहे. तिसरीच्या मात्र दोन्ही कडा चेपून बाहेर फुगल्या आहेत. असे बहुधा चावी कीवेमध्ये, म्हणजे तिच्या खाचेत, ढिली असल्याने होते आणि कीवे आपणच कापलेला आहे. एच-9 या प्रमाणित सहनमर्यादेत (मापात चालणाऱ्या फरकात) 14 मिलिमीटरची चावी जास्तीत जास्त 0.043 मिलिमीटरने कमी भरू शकते, तेव्हा उरलेल्या बारची रुंदी मायक्रोमीटरने मोजून घ्या. ती मर्यादेत असेल तर तिसरी चावी दाव्यात आणू नका, कारण ती बाकीच्या दोघींवरही संशय ओढवेल. तुटलेले तुकडे आणि उरलेला बार सील करा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून रासायनिक व कठीणपणाची चाचणी करून घ्या, मात्र सगळा बार त्यात संपवू नका. ऑर्डरचा व्हॉट्सॲप संदेश असलेला फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र त्यासाठी लागेल.

त्याच बारच्या चाव्या इतर यंत्रांत अजून आहेत, असे आपण जाता जाता लिहिले आहे. पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. फिरत्या शाफ्टजवळ माणसे काम करतात. त्या चाव्या लगेच बदला आणि काढलेली प्रत्येक चावी खूण करून जपून ठेवा. कसूर माहीत असूनही वाढू दिलेले नुकसान करार अधिनियमाच्या कलम 73 खाली मिळणे कठीण असते. बदलताना कठीण केलेले मिश्रधातू पोलाद वापरण्याचा आपला विचार सोडून द्या. चावी शाफ्टपेक्षा कठीण झाली की पुढचा घाव कीवेवर बसतो आणि विरुद्ध पक्षाला आयते कारण मिळते.

रकमेबाबत मी बेताचीच आशा देईन. कारखाना बंद राहिल्याचा तोटा पुरवठादाराला सौद्याच्या वेळी अपेक्षित होता, हे दाखवणे अवघड आहे. शाफ्टचा खर्च मिळण्याची शक्यता त्याहून बरी आहे. मागणी तीन लाख किंवा त्याहून अधिक असेल तर वाणिज्य न्यायालय अधिनियमाच्या कलम 12-ए प्रमाणे दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि ती टाळून आणलेला दावा फेटाळला जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. ती तीन महिने, संमतीने आणखी दोन महिने चालते आणि तो काळ मुदतीत धरला जात नाही. न्यायालयात किती वर्षे जातात हे पाहता, जुने बिल आणि चाचणीचा अहवाल घेऊन मध्यस्थीतच शाफ्टच्या खर्चावर तडजोड झाली, तर ती नाकारू नका.