मखमल एक, अस्तर दुसरं

प्रश्न: फुलेवाडीजवळ आमचं अडीचशे माणसांचं मंगल कार्यालय आहे. स्टेजचा मखमली पडदा आणि खिडक्यांचे पडदे बदलायचे आहेत. गांधीनगरच्या एका व्यापाऱ्यानं 'फायरप्रूफ' कापड दाखवलं, भाव जवळपास दुप्पट. दुसरा म्हणतो, साधंच घ्या, वरून औषध मारून देतो. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, आधी तो 'फायरप्रूफ' शब्द सोडा. मोठ्या जाळात कुठलंही कापड जातंच. समई कलंडली, हॅलोजन टेकला, तर पडद्यानं पटकन पेट घेऊ नये आणि घेतलाच तर आपला आपण विझावा, एवढंच आपलं मागणं.

असं कापड दोन तऱ्हेनं होतं. एकात सूत काढतानाच आगरोधक गुण त्यात घातलेला असतो. ते कितीही धुवा. दुसऱ्यात साध्या कापडावर औषध चढवतात. टाकणखार (बोरॅक्स) नि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी सुती कापडावर चांगलं चालतं, पण पाण्यात विरघळून चढलेलं ते पाण्यातच उतरतं. हे मी पैसे घालवून शिकले. एका हॉलचे सुती पडदे मीच औषध मारून दिले होते. दिवाळीआधी त्यांनी ते धुवायला टाकले, मला कळवलंही नाही. पुढच्या लग्नसराईत धूपदानीतला निखारा उडाला आणि पडद्याला ताटाएवढं भोक. माणसं जवळ होती म्हणून निभावलं. धुतल्यावर औषध परत मारायचं, हे मी बिलावर लिहून द्यायला हवं होतं. आता देते.

तुम्ही विचारलं नाही, पण खरी गोम अस्तरात असते. मखमल आगरोधक घेतात आणि आत साधं सुती अस्तर लावतात, स्वस्त पडतं म्हणून. मखमल पॉलिएस्टरची असेल तर बघा: नुसतं पॉलिएस्टर आच लागली की वितळून मागे सरतं. पाठीला सुती कापड असलं की ते वितळलेल्याला धरून ठेवतं आणि दिव्यातल्या वातीसारखं जळत राहतं. म्हणून अस्तरही त्याच दर्जाचं हवं, त्याचंही बिल वेगळं घ्या.

व्यापाऱ्याकडे नुसतं 'सर्टिफिकेट आहे' यावर थांबू नका. पडद्यांच्या आगरोधकतेसाठी आपल्याकडे आयएस 15741 हे मानक आहे. चाचणीचा अहवाल एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचा आहे का, त्यावर तुमच्याच कापडाचं नाव नि लॉट आहे का, आणि किती धुण्यांनंतर तपासलंय, हे बघा. आमच्या धंद्यात एकाच अहवालाच्या झेरॉक्सवर पन्नास ताग्यांची विक्री होते, लपवून काय करू? दर जानेवारी-जुलैत द्यायचा बी फॉर्म हा आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, पडद्यांचा नव्हे. पडद्यांचे कागद त्याच फाइलला लावून ठेवा.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर माझ्याकडे हे विचारायला येणारी माणसं वाढली. पण पडद्यांचं विचारणारे छताला मांडववाल्याचं झिरझिरीत सिंथेटिक कापड खुशाल ताणतात. ते पेटलं की जळते थेंब खाली माणसांवर पडतात. हरियाणातल्या डबवालीत 23 डिसेंबर 1995 ला शाळेच्या स्नेहसंमेलनात असाच सिंथेटिक मांडव पेटला आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी पोरं. मांडववाल्याला हॉलचा नियम म्हणून सांगा, भांडण झालं तरी चालेल.

आणि शिंप्याला सांगून खालच्या दुमडीत चार-पाच जास्तीच्या पट्ट्या घालून घ्या, बोटभर रुंद, वीतभर लांब, मखमलीच्या नि अस्तराच्याही. पडद्याबरोबर त्याही धुतल्या जातात. वर्षाला एक उसवायची, अंगणात पाण्याची बादली ठेवून पकडीत उभी धरायची, खालून मेणबत्ती लावून मनात बारा मोजायचे. ज्योत काढल्यावर दोन मोजेपर्यंत विझली नाही किंवा थेंब जमिनीवरही जळत राहिले, तर तो पडदा उतरवा. ओल्या पट्टीवर करू नका, ती बिचारी कायम पासच होते.