दवाखान्यासाठी आलेलं गोव्याचं ख्रिश्चन कुटुंब आमच्या खोलीत उतरलंय. नाताळात त्यांच्यासाठी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर माळकरी, वरची खोली दवाखान्याच्या लोकांना भाड्याने देता, सध्या मडगावकडचे मायलेक उतरलेत, वडील आयसीयूत आहेत, नाताळ तोंडावर आलाय आणि ओळख नसताना काही करायला जावं तर आगाऊपणा दिसेल का. आम्हीही इथेच बेळगावात, टिळकवाडीत अशाच खोल्या देतो. डिसेंबरात तर सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज मिळत नाहीत आणि गोव्यातून चोर्ला घाटाने वर आलेली निम्मी मंडळी घरगुती खोल्या शोधत फिरतात. म्हणून हे उत्तर.

पहिलं सांगायचं तर सुरुवात खाण्यापासून करू नका. आपल्याकडे माया आली की आधी डबा भरतो आणि वर आपल्या बेळगावची मिठाई, पाव किलो कुंदा. कुंदा द्या, त्याला कोण नको म्हणेल! पण ज्या बाईचा नवरा काचेपलीकडे पडलाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि मग डबा रिकामा करून परत द्यायचं आणखी एक काम तिच्या मागे लागतं. तिला हवी असते दोन तासांची मोकळीक. आयसीयूबाहेर घरचं एक माणूस कायम बसलेलं लागतं. रात्री केव्हाही पुकारा होतो, हातात चिठ्ठी पडते, खालच्या मेडिकलमधून इंजेक्शन आणून द्यायचं असतं. दोघंच आलेले असले तर एकजण तिथे अडकतो आणि दुसरा झोपेने अर्धमेला झालेला असतो. अशात २४ तारखेच्या रात्रीची मिस, म्हणजे चर्चमधली नाताळची प्रार्थना, हुकते. कॅथलिक माणसाला त्याचं काय वाटतं हे, आषाढीला पंढरपूर हुकलं की काय होतं ते ठाऊक असलेल्या घराला मी काय सांगू?

तेव्हा सरळ विचारा, "रात्री चर्चला जायचं असलं तर जाऊन या की, आम्ही बसतो दवाखान्यात." एवढंच. नको म्हणाले तर पुन्हा विचारू नका.

आमच्याकडे गोव्यातल्या सासष्टीच्या एक आजी होत्या, मुलगा आयसीयूत. आईने असंच विचारल्यावर आधी नाहीच म्हणाल्या. मग तासाभराने जिन्यावरून खाली येऊन हळूच म्हणाल्या, चर्च लांब आहे का? त्या रात्री माझी बायको आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर शाल गुंडाळून बसली. साडेअकराच्या सुमारास पुकारा झाला, "बेड नंबर सातचं कोण हाय?" ही उठली, म्हणाली, "मी." चिठ्ठी घेतली, औषध आणून दिलं. नर्सने एक कागद पुढे केला तेव्हा मात्र सही केली नाही, आजींना फोन लावला. हे तुम्हीही लक्षात ठेवा: औषध आणा, निरोप द्या, पण संमतीच्या कागदावर सही नातेवाइकाचीच. त्यांचा नंबर आणि औषधापुरते पैसे आधीच घेऊन ठेवा, संकोच करू नका, पुढचा हिशेब सोपा जातो. दवाखान्यातल्या ड्यूटीवरच्या सिस्टरलाही त्यांच्या देखत सांगून ठेवा की आज रात्री बाहेर कोण बसणार आहे.

चर्चचं म्हणाल तर कॅथलिक असतील तर कॅम्पातलं फातिमा कॅथेड्रल. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ पासून वेगळा आहे, त्याचं हे मुख्य चर्च. कॅम्पातच इंग्रजांच्या काळातलं सेंट मेरी आहे, पण ते प्रोटेस्टंटांचं. रिक्षावाला 'कॅम्पातलं चर्च' ऐकून कुठेही सोडेल. सगळीकडे मिस बाराला नसते, काही ठिकाणी रात्री लवकरच उरकतात. म्हणून वेळ आणि भाषा (कोकणी, इंग्रजी की कन्नड) दुपारीच चौकशी करून ठेवा. परतीची रिक्षाही आधीच ठरवा. आपल्या गावात मीटर दिवसाढवळ्या पडत नाही, मध्यरात्री परक्या माणसाला तर भाडं विचारायचीही सोय नाही. बरोबर गेलात तर मागच्या बाकावर निवांत बसा. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन पांढरी चकती घेतात. तो आपला तीर्थप्रसाद नव्हे, त्या रांगेत उभं राहायचं नाही.

थंडीचं विसरू नका. गोव्याच्या माणसाला डिसेंबरातलं बेळगाव म्हणजे शिक्षा. जास्तीची रजई आणि पहाटे बंबाचं पाणी, हे न विचारता द्या.

आणि कृपा करून 'तुमचा येशू, आमचा विठ्ठल, सगळं एकच' असलं प्रवचन लावू नका. दवाखान्यातला माणूस चर्चेच्या मनःस्थितीत नसतो, होला हो करून मोकळा होतो. शेजारीपाजारी कुजबुज होईल ती होऊ दे. याच भागात मोहरमला हिंदू घरांतून डोल्यांपुढे मलिदा जातो, तो काय आजपासून जातोय?

पेशंटचं काही कमीजास्त झालं आणि पंचवीस तारीख तशीच गेली, तर शुभेच्छा बुडाल्या असं समजू नका. त्यांचा सण ६ जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत (सणापर्यंत) रेंगाळतो. डिस्चार्जच्या दिवशी दिल्या तरी चालतात.

आता तुमची खरी अडचण, जी तुम्ही लिहिली नाही पण माळकरी घर म्हटल्यावर मला दिसते: ते परत काहीतरी गोड आणून देणार. गावाकडून कुणी ना कुणी डबा घेऊन येतोच. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. दोदोल नारळाच्या रसाचा, गुळाचा आणि तांदळाच्या पिठाचा. हे दोन्ही बेलाशक खा. बिबिंकात, म्हणजे त्यांच्या थराथरांच्या गोडात, अंड्यांचे बलक भरपूर असतात, बातकात (रवा-नारळाच्या केकात) आणि साध्या केकमध्येही अंडं असतं. ते दिलं तर घ्या, "आम्ही माळकरी, आमच्यात अंडं चालत नाही, पण पोरांच्या दोस्तांना देतो," असं तोंडावर सांगा. त्यांना राग येत नाही. आजींनी तर दुसऱ्या दिवशी आईसाठी वेगळा दोदोल मागवून घेतला.