वाचकांचे प्रश्न : पाकटावरची जळू आणि माशाच्या रक्तातले पाहुणे

प्रश्न : सर नमस्कार, मी सांगलीची. आमच्याकडं रत्नागिरीचा मासा बर्फातनं येतो. रविवारी पाकट घेतलं तर साफ करताना पोटाकडं बोटाएवढा काळपट किडा चिकटलेला निघाला, अंगभर चामखिळीसारखे फोड. मिस्टर म्हणाले जळू आहे, सासूबाई म्हणाल्या जळवा चांदोलीच्या जंगलात असतात, समुद्रात कुठल्या? या वादात सगळं पाकट टाकून दिलं. आता बीएस्सीवाला भाचा म्हणतोय जळवा माशाच्या रक्तात मलेरियासारखे जंतू सोडतात. खरंय का? खाल्लं असतं तर?

उत्तर : मिस्टर बरोबर आहेत ताई, आणि पाकट उगाच गेलं. काढून टाकायची, धुवायचं आणि नेहमीसारखं नीट शिजवायचं, बस. माशाच्या रक्तातले हे जंतू माणसाला होत नाहीत. पुढच्या वेळी मासा ताजा आहे का, बर्फ पुरेसा होता का ते बघा, पोट बिघडतं ते त्यानं.

पाकट-मुशीवर पोंटोबडेला नावाची जळू असते, ती अशीच फोडाफोडांची. दोन्ही टोकांना चूषक असतात आणि पाय अजिबात नसतात, पाय दिसले तर ती जळू नाही, दुसराच किडा. जळवा लावायच्या उपचारातल्या जळवेला तीन जबडे असतात, हिला जबडेच नाहीत, बारीक सोंड खुपसून रक्त ओढते.

भाचा अर्धा बरोबर आहे. माशाच्या रक्तात मुख्य दोन प्रकार सापडतात. हिमोग्रेगरीन तांबड्या पेशीच्या आत जाऊन बसतो, तो खरंच मलेरियाच्या भावकीतला. दुसरा ट्रिपॅनोसोमा, तो पेशीत शिरत नाही, बाहेर पोहतो. ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर आधी तो दिसतच नाही, नुसत्या तांबड्या पेशी इकडंतिकडं ढकलल्या जाताना दिसतात आणि मग त्यांच्यामधनं वळवळणारा सापडतो. जळू रक्त प्यायली की तो तिच्या पोटात वाढतो, रूप बदलतो, पुढं सोंडेकडं सरकतो आणि ती दुसऱ्या माशाला चिकटली की त्याच्यात उतरतो. म्युरियल रॉबर्टसन या बाईंनी 1907 ते 1909 च्या दरम्यान पोंटोबडेलाच्या आतड्यातल्या ट्रिपॅनोसोमावर काम केलं होतं, त्या काळी बाईमाणसानं एवढं करणं सोपं नव्हतं. पण सगळा दोष जळवेवर ढकलू नका, एका हिमोग्रेगरीनच्या बाबतीत संशय नेथिया नावाच्या बारक्या रक्तपिपासू किड्यावर आहे.

मला यात सगळ्यात भारी वाटते ती खेकड्याची गोष्ट. उत्तरेकडच्या थंड समुद्रात कॉड माशाला ट्रिपॅनोसोमा देणारी जोहान्सोनिया जळू आपले अंड्यांचे कोष खेकड्याच्या कवचावर चिकटवते. आता 1960 च्या दशकात रशियानं आपल्या पूर्व टोकाच्या कामचाटकाकडचे मोठे लाल किंग क्रॅब (खेकडे) उचलून याच उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात सोडले, हेतू चांगला होता, मासेमारीला माल मिळावा. खेकडे वाढले, जळवेला कोष लावायला जागाच जागा झाली, आणि खेकड्यांच्या भागातल्या कॉडमध्ये संसर्ग जास्त दिसला. खेकडा स्वतः माशाला काहीच करत नाही बरं का. मोठा मासा बहुतेक निभावून नेतो, लहान पिल्लांना मात्र रक्त कमी होऊन त्रास होतो, मरतातही. पिंजऱ्यात जिताडा, हेकरू पाळतात तिथं जळवांचा बंदोबस्त याचसाठी लागतो, दाटीवाटीत एका माशावरनं दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : कोरेगावजवळ आमच्या म्हशी आहेत. जनावरांचा सर्रा रोग म्हणजे हाच ट्रिपॅनोसोमा का?

उत्तर : त्याच कुळातला, पण जात वेगळी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, आणि तो जळवेनं नाही तर चावऱ्या गोमाशांनी पसरतो. माणसाला सहसा होत नाही कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन त्याला मारतं. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाला होता, त्याच्या रक्तात ते प्रथिनच काम करत नव्हतं असं नंतर कळलं, सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. म्हशीला ताप येऊन जाऊन परत येत असेल, खाऊनपिऊन वाळत असेल तर पशुवैद्यकांकडनं रक्त तपासून घ्या, तेही ताप चढलेला असताना, कारण ताप उतरल्यावर काचेवर जंतू सापडेलच असं नाही.