भूसंपादनाचा निवाडा झाला, ताबाही गेला, पण मोबदला मिळाला नाही. मालकाने काय करावे?

जमिनीचा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) होऊन ताबा घेतला गेला, तरी दोन वर्षांत मोबदला हाती आला नाही, आता दाद कोठे मागावी, असे आपण विचारले आहे. संपादन 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली झाले आहे असे धरून उत्तर देतो.

रक्कम कोणत्या निवाड्याची थकली आहे, हे आधी पाहावे. जिल्हाधिकाऱ्यांचा मूळ निवाडा हा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा (डिक्री) नसतो, त्यामुळे त्यावर थेट दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावता येत नाही. मात्र कलम 38 प्रमाणे पूर्ण मोबदला दिल्यावरच ताबा घ्यायचा असतो, आणि कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही असे संविधानाचा अनुच्छेद 300-अ सांगतो. म्हणून आधी लेखी मागणी करावी आणि दाद न मिळाल्यास उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करावी. वारसांत हिश्शाचा वाद असेल, तर रक्कम कलम 77 खाली प्राधिकरणाकडे (या कायद्याखाली मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या यंत्रणेकडे) जमा झालेली असू शकते. याचिकेपूर्वी ते तपासावे.

प्राधिकरणाने वाढवून दिलेली रक्कम थकली असेल, तर प्राधिकरणाचा तो निवाडा हुकूमनामा मानला जातो. शासनाविरुद्ध असल्याने तीन महिने थांबावे लागते. त्यानंतर दरखास्त दाखल करून जप्तीची मागणी करता येते.

फार उशीर झाला, या भीतीने कोणी गप्प बसू नये, असे मला मनापासून वाटते. हिमाचल प्रदेशात 1967-68 मध्ये एका निरक्षर विधवेची जमीन मोबदल्याविना रस्त्यासाठी घेतली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विलंबाचा आक्षेप बाजूला ठेवून तिला मोबदला देण्याचा आदेश दिला.

व्याजाची मागणी याचिकेत स्पष्ट लिहावी. कलम 80 नुसार ताबा घेतल्यापासून पहिले वर्ष 9 टक्के आणि त्यानंतर रक्कम मिळेपर्यंत 15 टक्के दराने व्याज द्यावे लागते. तसेच दर अपुरा वाटत असेल, तर पैसे स्वीकारताना पावतीवर लेखी हरकत नोंदवावी. हरकतीविना रक्कम घेतल्यास कलम 64 खाली वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो, आणि त्या अर्जाची मुदतही निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यांना केवळ सहा आठवड्यांची असते.