जुहूला चौकशी, पण उड्डाण कुठे?

मुंबईतल्या ऑफिसात वैमानिक प्रशिक्षणाची फी भरण्याआधी एकच विचार: विमान प्रत्यक्ष उडणार कुठे? जुहूची धावपट्टी सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाला इतकी खेटून आहे की नवशिक्याला तिथे मोकळेपणाने सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती सरावाच्या फेऱ्या, मारता येत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष उड्डाण धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी. तिथे स्वतः जा, आणि सकाळीच जा, कारण दुपारी जमीन तापली की छोटं विमान हेलकावे खातं.

एप्रनवर, म्हणजे विमानं लावायच्या मोकळ्या जागेत, उभी विमानं मोजू नकोस, आज उडणारी मोज. इंजिन काढून हँगरमध्ये पडलेलं विमान तुझे तास भरणार नाही. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, उड्डाणाचे २०० तास लागतात, त्यात १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझ्यावर असताना, आणि रात्रीचे ५ तास, त्यातच १० टेकऑफ आणि १० लँडिंग. म्हणून धावपट्टीवर दिवे आहेत का, हेही बघ. अनेकांचं घोडं इथेच अडतं. जून ते सप्टेंबर पावसात तास फारसे भरत नाहीत, तेव्हा परवान्याचे लेखी पेपर उरकून घे.

उड्डाणाआधीची तपासणी जवळून बघ. टाकीच्या तळातून पारदर्शक कपात थोडं इंधन काढतात. अवगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळसर दिसतं, पाणी असेल तर खाली थेंब जमतो. जिथे हे घाईत उरकतात, तिथे पैसे भरू नकोस. आणि कुठेही पैसे भरण्याआधी क्लास टू मेडिकल, म्हणजे वैमानिकाची सुरुवातीची वैद्यकीय तपासणी, करून घे.