घरातल्या नात्यांत संशोधन कसलं?

तुमचं पत्र मिळालं. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मानसशास्त्रात चांगले मार्क आहेत, आणि आता तिला ‘आईबाप आणि मूल यांचं नातं’ या विषयात संशोधन करायचंय. समुपदेशक होते म्हणाली असती तर तुमची हरकत नव्हती. पाटी लावून बसता तरी येतं. पण ‘घरातल्या नात्यांत संशोधन कसलं? माझ्या आईला विचारा, ती फुकट सांगेल,’ असं तुम्ही लिहिलंय.

हसू आलं, पण प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच, की तुमच्या आई जे सांगतील त्याच्या नेमकं उलटं शेजारच्या घरातली आजी सांगते. बाळ रडलं की एक म्हणते, ‘लगेच उचलू नका, सवय लागते.’ दुसरी म्हणते, ‘लेकराला रडत ठेवू नये.’ दोघींनी चार-चार पोरं वाढवलेली. मग खरं कुणाचं?

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हाच प्रश्न धरला. त्या १९५४मध्ये युगांडात गेल्या, त्याही नवऱ्याला तिथे नोकरी मिळाली म्हणून. स्वस्थ न बसता त्यांनी कंपालाजवळच्या गावांत घरोघरी जाऊन २६ आया आणि त्यांची बाळं पाहिली. पुढे अमेरिकेत, बाल्टिमोरमध्ये, पुन्हा २६ कुटुंबं. बाळ तीन आठवड्यांचं असल्यापासून वर्षाचं होईपर्यंत साधारण दर तीन आठवड्यांनी चार-चार तास त्या घरात बसायचं आणि नोंदी करायच्या. बाळ कधी रडलं, आई किती वेळाने आली, आल्यावर तिने काय केलं. एकेका बाळामागे सत्तरएक तास! १९७२मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सिल्व्हिया बेल यांनी लिहिलं, की ज्यांच्या रडण्याला आया लवकर धावून जात होत्या, ती बाळं वर्षाअखेरीस कमी रडत होती. म्हणजे दुसरी आजी जिंकली.

पण थांबा. १९९१मध्ये नेदरलंड्समधल्या संशोधकांनी ५० कुटुंबांत तसंच मोजून पाहिलं, तर हा निष्कर्ष तिथे टिकला नाही. मला या विषयातलं हेच सगळ्यात आवडतं. मोजणारीला सुद्धा कुणीतरी मोजतं. आजीला ती सोय नाही.

एन्सवर्थ यांची ‘स्ट्रेंज सिच्युएशन’ ही आई-मुलाचं नातं जोखणारी चाचणी तुमच्या मुलीने वाचलीच असेल. वर्षाचं मूल, अनोळखी खोली, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. सगळा मिळून वीसएक मिनिटांचा खेळ. आई गेल्यावर मूल किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर त्याने काय केलं, हे तिथे जास्त महत्त्वाचं ठरतं. हीच चाचणी जपानमध्ये साप्पोरोला केली तेव्हा बरीच मुलं आई परतल्यावरही शांत होईनात. पण ती मुलं एरवी आईपासून क्षणभरही दूर राहत नसत, त्यामुळे चाचणीच त्यांना फार कठीण गेली असावी. आपल्याकडे आई, आजी, काकू असं मूल हातोहाती फिरतं. तिथे काय दिसेल, हे आपल्याच माणसांनी शोधायला हवं. तुमच्या मुलीला काम आहे ते असं.

आता पोटापाण्याचं. एम.ए. मानसशास्त्र, किंवा मानव विकास आणि कुटुंब अभ्यास या विषयातली पदव्युत्तर पदवी. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात असा स्वतंत्र विभाग आहे, मुंबईत एस.एन.डी.टी.मध्ये मानव विकास आहे. त्यानंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मग पीएच.डी. नेटमधून जे.आर.एफ. ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात; त्यासाठी तिशीच्या आत असावं लागतं (काही गटांना सवलत आहे). एम.ए.पासून पीएच.डी. हातात पडेपर्यंत सात-आठ वर्षं सहज जातात, आणि त्यानंतरही प्राध्यापकीच्या कायम जागा थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. संस्थांच्या प्रकल्पांवरची कामं मिळतात, पण ती मुदतीची. आणखी एक: पुढे रुग्णांवर उपचार करायचे ठरवलं तर नुसती एम.ए. आणि पीएच.डी. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. या दोन वाटांची गल्लत करून पस्तावलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात.

फॉर्म भरण्याआधी एक करा. जवळच्या अंगणवाडीत परवानगी घेऊन तिला पंधरा दिवस सकाळी, पोरांना सोडायच्या वेळेला, वही घेऊन बसू द्या. ‘मूल हट्टी आहे’ असं लिहायचं नाही. ‘आईचा पदर तीनदा ओढला, चौथ्यांदा आईने वळून पाहिलं’ असं लिहायचं. मुलांची नावं लिहायची नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेकांना कंटाळा येतो. तिला आला, तर समुपदेशनाचा कोर्स चांगला आहे, त्यात कमीपणा काही नाही. आणि सोळाव्या दिवशीही ती स्वतःहून निघाली, तर ती वही घेऊन दोघंही मला भेटायला या. आईंनाही आणा.